परतीची वाट : आपल्या मनोरुग्णालयांचा मागोवा

मनोरुग्णालयात माणसाला आत कसे घ्यायचे, याचे नियम आपल्याकडे १८५८ पासून कलमवार लिहिलेले आहेत. पोलिसांनी कोणाला धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे कधी उभे करावे, डॉक्टरांचे दाखले किती लागतील, खर्च कोणी सोसावा, सगळे ठरलेले. बरा झालेला माणूस घरी कसा पोचेल, याचा विचार मात्र त्यानंतरच्या कायद्यांत आणि समित्यांत तुटक तुटक आणि बहुतेक वेळा उशिरा झालेला दिसतो. हा सगळा इतिहास वाचताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा इथेच अडते. साखळ्या, कोठड्या आणि शॉक यांच्या हकिकती भयंकर आहेत, त्या सांगायलाच हव्यात. पण औषधाने शांत झालेली, हाताला काम दिले तर नीट करणारी माणसे वीस-वीस, तीस-तीस वर्षे त्याच आवारात का राहिली, याचे उत्तर साखळीत सापडत नाही. ते शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंग्रजांच्या आधी आपल्या मुलखात वेड लागलेल्या माणसासाठी वेगळी इमारत असण्याची रीत नव्हती. आयुर्वेदात उन्मादाचा विचार तपशीलवार आहे. चरकसंहितेत वात, पित्त, कफ आणि सन्निपात यांपासून होणारे उन्माद आणि बाहेरून येणारा आगंतू उन्माद असे प्रकार आहेत. कल्याणक घृतासारखी औषधे आहेत, स्नेहीसोबत्यांनी धीर द्यावा असे सांगितले आहे. त्याच प्रकरणात दात काढलेला साप दाखवून रोग्याला भेदरवावे, राजाच्या शिपायांकरवी धाक घालावा, असेही उपाय आहेत. प्राचीन काळी सगळे दयाळू होते आणि क्रौर्य परक्यांनी आणले, असे म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही.

गावाने काय केले असेल, याची एक झलक महानुभावांच्या ऋद्धिपुरचरित्रात मिळते. तेराव्या शतकात अमरावतीजवळच्या ऋद्धिपुरात वावरणारे गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरत, दिसेल ते खात, पोरांशी खेळत, मध्येच रागावत, मध्येच हसत. भक्तांना त्यांच्यात ईश्वर दिसला, पुष्कळ गावकऱ्यांना वेडा राऊळ दिसला. पण दोघांच्याही लेखी ते गावाचेच होते. त्यांना कुठे तरी पाठवून द्यावे, ही कल्पना त्या ग्रंथात डोकावत नाही. अर्थात प्रत्येक वेडसर माणसाच्या वाट्याला गोविंदप्रभूंचे भाग्य आले नाही. परसातल्या खोलीत कोंडणे, खांबाला बांधणे, देवऋषी आणि मांत्रिकाच्या हवाली करणे हेही त्याच गावांत घडत आले. अंगाऱ्या-धुपाऱ्यात वर्षे घालवणारी कुटुंबे आजही आहेत.

कंपनी सरकारने पहिली वेड्यांची इस्पितळे काढली ती एतद्देशीयांसाठी नव्हती. मुंबईत अठराव्या शतकाच्या मध्यापासून अशा सोयीचे उल्लेख मिळतात, मद्रासला १७९४ मध्ये सर्जन व्हॅलेंटाइन कॉनोली यांनी सोळा जणांसाठी घर उघडले, कलकत्त्यातही त्याच सुमाराला खासगी इस्पितळ होते. यांत मुख्यतः गोरे शिपाई, खलाशी आणि कंपनीचे नोकर ठेवले जात. साहेबाचे भ्रमिष्ट झालेले रूप नेटिवांच्या डोळ्यांसमोर फिरू नये, ही काळजी त्यामागे होती. त्यांच्या परतीची सोयही कंपनीने केली होती. १८१८ पासून लंडनजवळच्या हॅकनी इथल्या पेंब्रोक हाउसमध्ये आणि १८७० ते १८९२ या काळात ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलममध्ये हिंदुस्थानातून परत पाठवलेले गोरे रुग्ण ठेवले जात. म्हणजे मायदेशी पोचवण्याचे महत्त्व राज्यकर्त्यांना ठाऊक होते. ते कोणासाठी ठाऊक होते, एवढाच प्रश्न आहे.

मुंबईत १८२६ मध्ये कुलाब्याला मोठे इस्पितळ उभे राहिले. गोरे, पारशी आणि इतर एतद्देशीय यांची तिथे वेगवेगळी व्यवस्था होती. जागा अपुरी पडत गेली. तोवर युरोपात मोठी उलथापालथ झाली होती. पॅरिसला पिनेल यांनी आणि यॉर्कला ट्यूक कुटुंबाने वेड्यांना साखळ्यांवाचून, सौम्यपणे आणि कामात गुंतवून वागवता येते हे दाखवले होते, १८३९ पासून हॅनवेलला जॉन कॉनोलींनी बांधून ठेवण्याची पद्धतच बंद केली होती. या विचारांचे पडसाद इकडच्या डॉक्टरांच्या वार्षिक अहवालांत उमटतात. बागकाम, विणकाम, सुतारकाम यांचे कौतुक त्यांत असते. पण काम देण्यामागे उपचाराची दृष्टी किती आणि इस्पितळाचा खर्च भागवण्याची किती, हे त्या अहवालांतून वेगळे काढता येत नाही.

१८५७ च्या उठावानंतरच्या वर्षीच वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. त्यानंतरच्या चार-पाच दशकांत आपल्या भागातली आज परिचित असलेली इस्पितळे उभी राहिली: नागपूरला १८६४ मध्ये, रत्नागिरीला १८८६ मध्ये, पुण्याला येरवड्यात, ठाण्यात नौपाड्याला १९०१ मध्ये. मुंबई इलाख्यात अहमदाबाद, धारवाड आणि सिंधमधले हैदराबाद इथेही ती होती. सरकारी तिजोरीतून सगळा पैसा आला नाही. ठाण्याच्या इस्पितळाला नरोत्तमदास माधवदास यांचे नाव लागले ते देणगीमुळे, सिंधच्या इस्पितळाला सर कावसजी जहांगीर यांचे. धर्मशाळा, पाणपोई आणि दवाखान्यांबरोबर वेड्यांच्या इस्पितळालाही दान द्यावे असे मुंबईच्या शेटियांना वाटले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

आत कोण होते? घरच्यांनी आणून सोडलेले थोडे, पोलिसांनी आणलेले फार. फकीर, गोसावी, पोटासाठी मुलूख सोडलेले मजूर, भाषा न कळणाऱ्या शहरात भरकटलेले लोक. बायकांची संख्या पुरुषांपेक्षा खूपच कमी असे, कारण वेडसर बाईला घराबाहेर दिसू न देण्याकडे कुटुंबांचा कल होता. तिची कोठडी घरातच असे आणि तिची नोंद कोणत्याच दप्तरात नसे.

नोंदी कशा होत, हे मात्र एका अनपेक्षित ठिकाणी उघड झाले. गांजा ओढल्याने वेड लागते, असा इस्पितळांच्या आकड्यांचा निष्कर्ष होता आणि त्यावर लंडनच्या संसदेत वाद चालला होता. म्हणून १८९३-९४ मध्ये भांग-गांजा-चरस यांची चौकशी करणारे सरकारी कमिशन नेमले गेले. कमिशनने इस्पितळांतल्या १८९२ सालच्या दाखल्यांचा एकेक कागद तपासला. तेव्हा दिसले की रोगाचे कारण डॉक्टरने शोधलेले नव्हतेच. रुग्णासोबत पोलिसांनी किंवा मॅजिस्ट्रेट कचेरीने भरून पाठवलेल्या वर्णनपत्रात 'गांजा' असे लिहिलेले असे आणि तेच रजिस्टरात उतरवले जाई. शिपायाने कोणाला तरी विचारले, कोणी तरी हो म्हणाले, रकाना भरला. गांजाच्या खात्यावर टाकलेल्या २२२ रुग्णांपैकी नीट चौकशी केल्यावर जेमतेम ९८ जणांच्या बाबतीत या पदार्थांचा काही संबंध धरता येतो, असे कमिशनने ठरवले. वर्षानुवर्षे ज्या आकड्यांवर धोरणे बेतली जात होती त्यांचा पायाच असा पोकळ निघाला.

हे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या रजिस्टरात रोगाचे कारण असे भरले जाई, त्याच रजिस्टरात माणसाचे नाव, गाव, जात आणि नातेवाईकही भरले जात. कारणाचा रकाना जर अंदाजाने भरत असेल, तर गावाचा रकाना किती खरा असेल? भाषा न समजणाऱ्या शिपायाने ऐकलेले गाव, चुकीचा तालुका, नुसतेच 'ठाऊक नाही'. बरा झालेल्या माणसाला नेमके कुठे पाठवायचे, हे इस्पितळाला कळण्याची शक्यता पहिल्याच दिवशी संपत असे.

१९०५ पर्यंत ही इस्पितळे तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलच्या अखत्यारीत होती. त्यानंतर ती सिव्हिल सर्जनांकडे आली. पण उंच भिंती, लोखंडी गज, मोजणीची घंटा आणि पहारेकऱ्यांचा दरारा कागदावरच्या बदलाने गेला नाही. वेड आणि तुरुंग यांची सांगड उलट्या बाजूनेही पडत होती. अंदमानात क्रांतिकारक उल्हासकर दत्त यांना ताप असताना हातकड्या घालून टांगून ठेवले गेले, त्यांचे मन ढासळले आणि त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवावे लागले. 'माझी जन्मठेप' वाचलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग नवा नाही.

१९१२ चा कायदा या सगळ्या इतिहासातला कळीचा दस्तऐवज आहे. तो पुढे ८० हून अधिक वर्षे लागू राहिला, म्हणजे आज साठी ओलांडलेल्या वाचकांच्या हयातीतही. नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि मॅजिस्ट्रेटची रिसेप्शन ऑर्डर, असा दाखल होण्याचा मार्ग त्याने पक्का केला. निष्पाप माणसाला कोणी इस्टेटीसाठी कोंडू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. सुटकेसाठी इस्पितळाच्या देखरेखीला नेमलेल्या 'व्हिजिटर' मंडळींचा हुकूम लागे, किंवा नातेवाईक अथवा स्नेही पुढे येऊन 'याची काळजी मी घेईन, याच्याकडून कोणाला इजा होऊ देणार नाही' असे लिहून देई. तेव्हा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत आलेल्याला बाहेर काढायला घरच्याची सही हवी, आणि घरचे कुठे आहेत हेच कोणाला माहीत नाही! व्हिजिटर येत, शेरे लिहीत, जात. माणूस तिथेच राही. कायद्याने त्याला कोंडून ठेवले असे म्हणता येत नाही. त्याला घ्यायला कोणी न येणे, ही अवस्था कायद्याने जमेस धरली नव्हती.

नावे बदलली ती १९२० च्या सुमारास. रांचीच्या युरोपियन इस्पितळाचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल यांच्या आग्रहाने 'असायलम'ची 'मेंटल हॉस्पिटल' झाली. बर्कली-हिल हे मोठे खटपटी गृहस्थ. मनोविश्लेषणाचा अभ्यास केलेले, इस्पितळात हस्तोद्योग सुरू करणारे. १९२२ मध्ये कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली, तिच्याशीही त्यांचा संबंध होता. रांचीतली राहणी, जेवण आणि देखभाल इतर बहुतेक इस्पितळांपेक्षा वरची होती. त्याच काळात ठाणे आणि नागपूर कसे होते, हे १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने छापले. मूर टेलर यांनी देशभरची मनोरुग्णालये पाहून समितीला अहवाल दिला होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात १९ इस्पितळे आणि जेमतेम दहा हजारांवर खाटा. इंग्लंडात सुमारे ३०० माणसांमागे एक खाट, इथे ४०,००० माणसांमागे एक. आणि बहुतेक इमारती उपचारासाठी बांधलेल्याच नाहीत, माणसे सुरक्षित कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत, असे त्यांचे मत पडले. सर्वांत वाईट म्हणून त्यांनी जी चार नावे घेतली, त्यांत लाहोर आणि आग्र्याबरोबर ठाणे आणि नागपूरही होती. त्यांना तिथे तुरुंगाची आणि अनाथालयाची कळा दिसली.

उपचारांचा इतिहास या काळात झपाट्याने पुढे जातो. हिवतापाचे जंतू टोचून मेंदूच्या उपदंशावर उपाय, १९३३ च्या सुमारास इन्सुलिनची मूर्च्छा, १९३४ मध्ये मेदुनांचे कार्डियाझोलने आणलेले झटके, १९३८ मध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांचा विजेचा शॉक, मेंदूवरची मोनिझ यांची शस्त्रक्रिया. यांतले पुष्कळसे काही वर्षांतच हिंदुस्थानात पोचले. बंगळूरला गोविंदस्वामींसारखे डॉक्टर ते वापरत होते. भूल न देता दिलेल्या शॉकने हाडे मोडल्याची उदाहरणे जगभर आहेत, लोकांच्या मनातली धास्ती निराधार नव्हती. भूल देऊन, नीट निवड करून दिलेला शॉक आजही तीव्र नैराश्यात जीव वाचवतो, हेही तितकेच खरे. मनोरुग्णालयाची वाईट कीर्ती त्या यंत्राला चिकटली आणि अजून सुटलेली नाही.

एका औषधाची कथा मात्र आपल्या मातीतली आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. सर्पगंधेची मुळी बिहार-बंगालकडे वेडावरचे औषध म्हणून पिढ्यान्पिढ्या वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरच्या तिच्या गुणाबद्दल लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात आला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पीन वेगळे केले, १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. त्याच वेळी फ्रान्सहून क्लोरप्रोमाझिन येत होते. पुढे रेसर्पीन मागे पडले आणि क्लोरप्रोमाझिनच्या वंशातली औषधे टिकली. पण गोळीने मन शांत होऊ शकते आणि रुग्ण घरी राहू शकतो, ही शक्यता या दोन औषधांनी एकाच दशकात निर्माण केली.

शक्यता निर्माण होणे आणि माणूस घरी जाणे यांत अंतर होते. ते अंतर कसे कापता येते हे अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी दाखवले. फाळणीनंतर दोन्ही देशांनी १९५० मध्ये मनोरुग्णांचीही अदलाबदल केली. मंटोंची 'टोबा टेक सिंग' ही कथा याच घटनेवर उभी आहे. लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आले. त्यांची गावे आता सीमेपलीकडे होती आणि त्यांचे नातेवाईक निर्वासित होऊन कुठे पांगले होते ते कळत नव्हते. इस्पितळ तुडुंब भरले होते. विद्यासागरांनी लष्कराकडून तंबू मिळवले, ते आवारात लावले आणि रुग्णाला आणणाऱ्या नातेवाइकांना सांगितले, तुम्हीही इथेच राहा. आई, भाऊ, बायको रुग्णासोबत तंबूत राहू लागले, त्याला जेवू घालू लागले, डॉक्टर काय करतात ते डोळ्यांनी पाहू लागले. संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून विद्यासागर त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच धर्मकथांच्या आधाराने आजाराबद्दल बोलत.

एरवी लागणाऱ्या काळापेक्षा रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि जाताना सोबत आजार समजलेली दोन-तीन माणसे असत. मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग आता आदराने सांगितला जातो. माझ्या मते विसाव्या शतकातल्या भारतीय मनोरुग्णालयांतली ही सर्वांत मोठी सुधारणा होती, आणि तिला ना नवे औषध लागले ना नवी इमारत. पाठवणाऱ्या घराचा आणि इस्पितळाचा तुटणारा धागा त्यांनी तुटूच दिला नाही. वेल्लोरच्या मिशन इस्पितळातही पुढे कुटुंबाला सोबत ठेवण्याची रीत रुजली. येरवडा किंवा ठाण्यासारख्या अवाढव्य संस्थांत मात्र ती रुजली नाही.

दुसरी वाट सर्वसाधारण रुग्णालयांतून निघाली. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात आणि १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांच्या पुढाकाराने मनोविकारांचे बाह्यरुग्ण विभाग सुरू झाले. पुढे केईएम, सायन, नायर, ससून अशा ठिकाणी ते विस्तारले. केईएममध्ये डॉ. न. स. वाहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांचा आधार घेऊन उपचारपद्धती बांधली. पोटदुखी आणि खोकल्याच्या रांगेशेजारी मनाच्या आजाराची रांग लागली, की त्या माणसाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. केसपेपर काढायचा, गोळ्या घ्यायच्या, संध्याकाळी घरी. ठाणे किंवा येरवड्याचे नाव काढून एकमेकांची थट्टा करणाऱ्या, नागपुरात तर चौकाला पागलखान्याच्या नावाने ओळखणाऱ्या आपल्या समाजात या साध्या सोयीने हजारो माणसांना आवारात जाण्यापासून वाचवले आहे.

मोठ्या शहरांबाहेर ही सोय पोचायला फार वेळ लागला. मराठवाड्याची कहाणी तर चटका लावणारी आहे. निजामी राजवटीत जालन्याला मनोरुग्णालय होते. १९५३ मध्ये ते हैदराबादला हलवले गेले आणि नंतर राज्यांची फेररचना झाली तेव्हा मराठवाड्याच्या वाट्याला काहीच उरले नाही. नांदेड, लातूर किंवा परभणीच्या शेतकऱ्याने आपल्या भावाला न्यायचे ते पुण्याला, शेकडो किलोमीटरवर. एवढ्या लांब सोडलेल्या माणसाला भेटायला वर्षातून किती वेळा जाता येईल? एसटीचे भाडे, बुडलेली मजुरी, मुक्कामाची अडचण. आधी महिन्याने, मग सणावारी, मग पत्र, मग तेही नाही. नातेवाइकांना निर्दय ठरवणे सोपे आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांना इस्पितळाच्या अंतरानेच तोडले. अलीकडे जालन्यातच नवे मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय शासनाने घेतला, तो इतक्या दशकांनी.

राज्यातल्या पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चार ठिकाणच्या सरकारी मनोरुग्णालयांत मिळून साडेपाच हजारांहून अधिक मंजूर खाटा. त्यांतल्या अडीच हजारांहून अधिक एकट्या येरवड्यात, आशियातल्या मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. इतक्या माणसांत मोजके मनोविकारतज्ज्ञ फिरणार, तेव्हा रुग्णाचे घर, त्याची शेती, त्याची भांडणे कोण समजून घेणार?

न्यायालयांनी १९८० नंतर यात लक्ष घातले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवले. प्रकरण बंगालमधल्या तुरुंगांचे होते. स्वातंत्र्यानंतर ४६ वर्षांनी हे सांगावे लागले. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा याच वर्षी अमलात आला आणि १९१२ चा कायदा अखेर रद्द झाला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३७ सरकारी मनोरुग्णालये होती आणि कितीतरी ठिकाणी तुरुंगसदृश कोठड्या शाबूत होत्या.

६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. आतले रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. ही माणसे सरकारी इस्पितळात नव्हती, घरच्यांनी श्रद्धेपोटी आणि नाइलाजाने त्यांना तिथे आणले होते. इस्पितळ दूर, त्याची कीर्ती भीतिदायक, घरी सांभाळणे अशक्य, मग दर्गा, देवस्थान किंवा बुवा. एरवाडीचा दोष नुसत्या अंधश्रद्धेवर टाकला, तर आपण त्या २८ जणांच्या घरच्यांपुढे कोणते पर्याय होते हा प्रश्न टाळतो.

याच काळात महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी बोलायला सुरुवात केली. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्ण आणि नातेवाईक तिथे एकत्र बसू लागले. २००४ मधला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट याच खटपटीशी जोडलेला होता. ठाण्यात, मनोरुग्णालयाच्या त्याच गावात, १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. या संस्थांनी मनाच्या आजाराला मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात बोलता येईल असा विषय केले. गरीब आणि बेघर रुग्ण त्यापासून लांबच राहिले, हेही म्हटले पाहिजे.

युरोप-अमेरिकेने एव्हाना इस्पितळेच रिकामी करायला घेतली होती. १९६३ मध्ये अमेरिकेने गावोगावी केंद्रे उभारण्याचे ठरवले, १९७८ मध्ये इटलीने कायदा करून मनोरुग्णालयांत नवी भरती थांबवली. इटलीतल्या त्रिएस्तेत शहरातली केंद्रे, घरे आणि रोजगार यांची जोड मिळाली आणि काम जमले. अमेरिकेत इस्पितळे बंद झाली, केंद्रे पुरेशी उघडली नाहीत, असंख्य रुग्ण रस्त्यावर आणि तुरुंगात गेले. आपल्याकडे 'बंद करा' म्हणणाऱ्यांनी हे दुसरे उदाहरण डोळ्यांआड करू नये.

रुग्णाचा स्वतःचा शब्द या सगळ्या इतिहासात जवळजवळ नाही. डॉक्टरांचे अहवाल आहेत, व्हिजिटरांचे शेरे आहेत, जमाखर्च आहे. येरवड्यात चाळीस वर्षे राहिलेल्या एखाद्या बाईने त्या वर्षांचे काय केले, हे सांगणारे कागद नाहीत. इथे मला गोमंतकाच्या आबे फारियांची आठवण होते. १७५६ मध्ये बारदेशात कांदोळीला जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये, संमोहनाची निद्रा ही संमोहकाच्या अंगातल्या शक्तीने येत नसून झोपणाऱ्याच्याच मनाच्या एकाग्रतेने येते, असे मांडले. उपचाराचे केंद्र रुग्णाच्या मनात आहे, असे म्हणणारा तो पहिल्या काहींपैकी एक. पणजीत १९४५ पासून त्यांचा पुतळा आहे, आल्तिनोवरच्या मनोरुग्णालयालाही त्यांचे नाव होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या शब्दाला पहिल्यांदा कायदेशीर वजन दिले. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो, आपला प्रतिनिधी नेमू शकतो. साखळीने बांधणे आणि भुलेविना शॉक देणे बंद. आणि ज्या कलमाकडे मी सर्वांत आशेने पाहतो ते असे सांगते, की घरचे घेत नाहीत किंवा राहायला जागा नाही एवढ्या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, अशांसाठी समाजात राहण्याची सोय सरकारने करायची.

करायची म्हणजे कशी? सरकारी यंत्रणेने काढलेली सोपी वाट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. बऱ्या झालेल्या रुग्णांना महाराष्ट्रात भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. कागदावर मनोरुग्णालयातली संख्या घटत होती. न्यायालयाने हे थांबवायला सांगितले. राज्याच्या चार रुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयातही आला आणि अशी माणसे शेकड्यांनी असल्याचे दिसले. नागपूरला २०१६ पासून टाटा ट्रस्टच्या मदतीने 'उडान' प्रकल्पात रुग्णालयाची रचना सुधारणे, वर्षानुवर्षे राहिलेल्यांना दैनंदिन व्यवहार पुन्हा शिकवणे, घरच्यांचा शोध घेणे असे काम चालले.

परतीच्या या कामाचा खरा अनुभव सरकारबाहेर जमा झाला आहे. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू केली. पुढे कर्जतला तिचे केंद्र झाले आणि २०१८ मध्ये डॉ. वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण, म्हणजे १८५८ च्या कायद्याने ज्याला पोलिसांच्या हाती दिले तोच माणूस, तिथे आणला जातो. न्हाऊ-माखू घालून, औषधे देऊन काही आठवड्यांत तो बोलू लागतो. मग त्याच्या बोलीवरून, नदीच्या किंवा देवळाच्या नावावरून, आठवणाऱ्या एखाद्या रेल्वे स्टेशनवरून त्याचे गाव शोधले जाते. कार्यकर्ते त्याला घेऊन त्या गावी जातात, घरच्यांना आजार समजावतात, औषधे देतात आणि पुढे ती पाठवत राहण्याची व्यवस्था करतात. बिहार, झारखंड, तमिळनाडू, नेपाळच्या सीमेपर्यंत हे प्रवास झाले आहेत. मेलेला समजून ज्याचे दिवस घातले होते, अशा माणसालाही घरच्यांनी परत घेतल्याची उदाहरणे आहेत.

सरकारी मनोरुग्णालयात हे काम करणाऱ्या समाजसेवा अधीक्षकांची पदे आजही मोजकी आहेत, आणि एकेका पदामागे शेकडो रुग्ण. त्यांच्या प्रवासभत्त्याची तरतूद, परराज्यात जाण्याची परवानगी, भाषा जाणणारा सहकारी, घरी गेलेल्या रुग्णाच्या तालुक्यातच महिन्याच्या गोळ्या मिळण्याची खात्री, या गोष्टी अंदाजपत्रकात खाटांच्या खाली कुठे तरी येतात. त्या वर आल्या पाहिजेत, आणि दाखल झालेल्या माणसाचे गाव पहिल्याच आठवड्यात, तो बोलू लागेल त्या भाषेत, त्याच्याच तोंडून नीट लिहून घेतले पाहिजे.